विसाव्याची शिवराई

सोमाजी फापाळे दुकानातल्या नळाखाली हात धरतो, मनगटापर्यंत साबण चोळतो, बोटांच्या बेचक्यांत नखं घालून खरवडतो आणि मग हात नाकाशी नेतो. वास घेतो. तोंड वाकडं करतो. पुन्हा साबण उचलतो. विहिरीवरची जळकी मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक समोर ताटकळत असतं. त्याला वाटतं, कोरोनातली सवय राहिली असेल. तसं नाही. हाताला तांब्याचा वास येतो, आणि तांब्याच्या वासाची सोमाजीला शिसारी बसली आहे. ज्याच्या चुलीचं इंधन तांब्यातून आलं, ज्याच्या पोराचं शिक्षण तांब्यातून झालं, त्यालाच तांबं नकोसं झालं. हे कसं झालं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमचं गाव मीना नदीच्या काठाला, वारूळवाडीपासून सायकलीवर अर्ध्या तासाचं. माती काळी, पाणी बारमाही. जुन्नर तालुक्यात कुठंही जा, आमच्या गावचं नाव सांगितलं की माणूस खुर्ची पुढं करतो. आता विहिरी आल्या म्हणजे मोटारी आल्या, आणि मोटारी आल्या म्हणजे त्या जळणारही. सोमाजी नारायणगावात जळलेल्या मोटारी भरून देतो. जळकं वेटोळं छिन्नीनं तोडायचं, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार मोजून वेढे द्यायचे, वार्निश पाजायचं. जुनी तार पोत्यात साठते. पोतं भरलं की ते सुभाषचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात मोडीला जातं.

या दुकानाशी सोमाजीचं नातं फार जुनं. सोमाजी आठ-नऊ वर्षांचा असताना गल्ल्यावर सुभाषचंदचे वडील बसायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला मोडीचा लाकडी पेटारा. त्यात फुटके हंडे, चेपलेले तांबे, बिनदांड्याच्या पळ्या, आणि तळाशी जुनी नाणी. त्या काळी गावोगावच्या बाया नाण्यांनी भरलेल्या पिशव्या आणून वजनावर विकायच्या आणि त्या बदल्यात नवी स्टीलची ताटं न्यायच्या. शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, सगळे एकाच पेटाऱ्यात. पोर रोज येऊन पेटाऱ्यात डोकावतं, हे थोरल्या शेठनं पाहिलं. ते म्हणाले, "असा नुसता काय बघतो? वजनाला वजन घेऊन ये अन् घेऊन जा."

मग सोमाजी रस्त्यावरची, उकिरड्यावरची तांब्याची तार गोळा करू लागला. एका पारड्यात तार, दुसऱ्यात शिवराई. काटा मधोमध आला की नाणं त्याचं. शेठनं कधी पोर म्हणून फसवलं नाही आणि पोर म्हणून सूटही दिली नाही. असं करत करत सोमाजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. एकेक नाणं त्याला माणसासारखं ओळखू यायचं. हे जाड, हे तिरकं छापलेलं, याच्यावरचा 'शि' अर्धाच. वर्गात त्याला पाढे येत नव्हते, पण डोळे झाकून अंगठा फिरवला तर कुठली शिवराई, ते सांगायचा.

तो दहावीत असताना गावानं देवळाला कळस चढवायचा ठरवला आणि घरोघर तांबं मागितलं. सोमाजीचे वडील, गेणूतात्या, यांनी डबा उचलला आणि सगळ्यांदेखत मोठ्या घमेल्यात उपडा केला. आवाज झाला, माणसं वाहवा म्हणाली. त्या दिवसापासून तो नाण्यांकडे फिरकला नाही. फक्त देवळापुढून जाताना वर कळसाकडे बघायचा. संध्याकाळच्या उन्हात कळस तांबूस व्हायचा तेव्हा जरा जास्त वेळ बघायचा. लोकांना वाटायचं, पोरगं भाविक आहे.

पस्तीस वर्षं अशी गेली.

मग त्याची आई, साळुबाई, गेली. माघाचा महिना होता, गव्हाला ओंब्या धरल्या होत्या. आमच्याकडे घर आणि स्मशान यांच्या मधल्या वाटेवर विसावा असतो. आमच्या गावचा विसावा नदीच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली. तिथं तिरडी खाली टेकवतात. पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात. मयताच्या घरचा माणूस तिथं तांदळाची मूठ आणि एक पैसा ठेवतो, वर दगड ठेवतो, आणि मग मागं न बघता सगळे पुढं चालतात. तो पैसा कुणी उचलत नाही. गुरं राखणारं पोरही नाही, दारुडाही नाही. माझ्या आजाचा पैसा तिथं आहे, त्याच्या आजाचाही असणार. विसाव्याला कुंपण नाही, पाटी नाही. माणसाला आपोआपच तिथं पाय जपून टाकावासा वाटतो.

साळुबाईच्या वेळी क्रियाकर्म जाणणारे सावळारामबाबा म्हणाले, "सोमा, पैसा काढ." सोमाजीच्या खिशात नोटाच होत्या. पण म्हातारीची चंची त्यानं सकाळपासून मुठीत धरून ठेवली होती. ती उघडली, तर सुपारीच्या खांडांमध्ये काळ्या दोऱ्यात ओवलेली एक शिवराई निघाली. भोक पाडलेली. तान्हा असताना दृष्ट लागू नये म्हणून सोमाजीच्या गळ्यात ती बांधली होती, हे आई सांगायची. सोनाराचा हात पहिल्यांदा घसरला, म्हणून भोकाशेजारी एक अर्धवट खळगा पडला, तोही ती त्याच्या लहानपणी दाखवायची. कळसाला डबा गेला तेव्हा ही एवढी तिनं चंचीत लपवली असणार, आणि पस्तीस वर्षं नवऱ्याला किंवा लेकाला कळू दिलं नाही.

सोमाजीनं ती तांदळावर ठेवली. दगड ठेवला. मागं न बघता चालू लागला.

तेरावं झालं. दुकान उघडलं. तारेचं पोतं घेऊन तो सुभाषचंदकडे गेला. आता गल्ल्यावर सुभाषचंदही म्हातारा झाला होता. मोडीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एक शिवराई पडलेली दिसली. सोमाजीनं ती उचलली, अंगठा फिरवला, आणि तिथंच स्टुलावर बसला.

"शेठ, वजनाला वजन?"

सुभाषचंद हसला. "अजून तेच का? घे. पण आता ह्याला बाजारात मोडीपेक्षा जास्त मोल आहे, बरं का."

"मला इकायची न्हाई."

त्या दिवशी तो पुन्हा नाण्यांकडे वळला. आई गेलेल्या माणसाला काहीतरी हातात धरायला लागतं. कुणी माळ धरतो, कुणी बाटली. सोमाजीनं शिवराई धरली. पहिलं वर्ष-दोन वर्षं ते चांगलंच होतं. दुकानाच्या फळीवर हिरव्या कापडाची चौकट, त्यात ओळीनं नाणी. मोटारीचं वार्निश वाळेपर्यंत तो भिंग घेऊन बसायचा. मला बोलवायचा, "ये, हे बघ, ह्याचा टिंब बघ." मला टिंब दिसत नव्हता, पण त्याचा चेहरा दिसत होता. वाटायचं, पोरपण परत आलं तर माणूस असा दिसतो.

मग फोन आला, फोनात नाणी जमवणाऱ्यांचा ग्रुप आला, आणि सगळं नासायला लागलं.

त्या ग्रुपात काय काय चालायचं, ते मी पाहिलं आहे. कुणी म्हणे, आमच्याकडे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं जादूचं नाणं आहे, कोटीला देऊ. कुणी ओतीव, कालची शिवराई राखेत पुरून जुनी करून विकायचा. कुणी महाराजांच्या नावाचं नाणं जिभेनं ओलं करून फोटो काढायचा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. थुंकीनं चमकणारी ती अक्षरं बघून मी फोन त्याला परत दिला. सोमाजी मात्र त्यातून एक धडा शिकला. जे नाणं धुतलेलं, घासलेलं, ते खोटं असू शकतं. जे नाणं मातीच्या हिरव्या-काळ्या कवचात आहे, ते खरं. त्याला धुतलेल्या नाण्याची किळस येऊ लागली. म्हणायचा, "चिंचेनं घासलेली शिवराई म्हंजे सोललेलं कोंबडं. नुसती गुलाबी."

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्याला ऋषी भेटला. आंबेगावकडचा, तिशीचा, डोळ्यांवर गॉगल, मोटारसायकलच्या डिकीत पुड्या. बैलांच्या गर्दीत उभ्या उभ्या पुडी उलगडायची, दाखवायची, मिटायची.

"भाऊ, लई भारी माल हाये. बगा तरी."

"धुतलेला हाये हा. नको."

"मग कसा पायजे?"

"मातीतला. जसा निघतो तसा. नखसुद्धा लावायचं न्हाई."

ऋषीनं गॉगल कपाळावर चढवला. "मातीतलाच देतो की. तुमच्यासारकं गिऱ्हाईक पायजे, राव. बाकीच्यांना नुसती चकाकी लागती."

पुढच्या बाजारी तो खरंच मातीतली नाणी घेऊन आला. त्याच्यापुढच्या बाजारीही. काळ्या-हिरव्या कवचातली, काहींना चिकटलेली बारीक मुळं, काहींवर पांढरट ठिपके. सोमाजीनं एकदाच विचारलं, "कुठं घावतात रं?"

"नांगरटीत. मशीन हाये ना आपल्याकडं, टींव टींव करती." मग हसून म्हणाला, "भाऊ, हे इचारायचं नसतं. तुमी मोटार भरता, त्याचं गणित मी इचारतो का?"

सोमाजीनं पुन्हा विचारलं नाही. उलट सांगितलं, "असलंच आण. जेवढं घावंल तेवढं आण."

हे वाक्य ध्यानात ठेवा. सोमाजीच्या ध्यानातून ते आता कधीच जात नाही.

त्यातली काही नाणी त्यानं सुभाषचंदला दाखवायला नेली. म्हाताऱ्यानं चष्मा लावून एक उचललं आणि लगेच खाली ठेवलं. पंच्यानं बोटं पुसली.

"हा गॉगलवाला माझ्याकडंही आला होता. मी वजन केलं नाही."

"का?"

"विचारलं, कुठलं आहे. सांगेना. सोमाजी, आम्ही मोडीचं भांडं घेताना आधी विचारतो, घरात कुणी गेलंय का? तेरा दिवस झाल्याशिवाय त्या घरचं तांब्याचं भांडंसुद्धा काट्यावर घेत नाही. वडिलांनी घातलेली रीत आहे. तू पण विचारत जा."

सोमाजीला ते आवडलं नाही. मला म्हणाला, "म्हातारा जळतोय. पेटाऱ्याचं गिऱ्हाईक गेलं ना आता." आणि ती नाणी कापडात गुंडाळून घरी नेली. घरी त्यानं कपाटाचा एक खण नाण्यांसाठी ठेवला होता. बायकोला, चिमाबाईला, ताकीद होती, की या खणाला हात लावायचा नाही.

चिमाबाईनं पाच वर्षं हात लावला नाही. गेल्या दिवाळीत लावला.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घरातली नाणी पाटावर मांडतात. आधी चिंच-मिठानं लख्ख घासायची, मग ताम्हनात ठेवून पंचामृताचा अभिषेक, मग हळदकुंकू. ते पंचामृत तीर्थ म्हणून घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं. चिमाबाई चांदीची दोन आणि चालू रुपयांची दहा नाणी मांडायची. त्या दिवशी तिला वाटलं, नवऱ्यानं एवढी महाराजांची नाणी जमवली आणि ती कपाटात अंधारात पडलीत. सणाला तरी त्यांना उजेड दाखवावा. ऋषीची शेवटची पुडी वरच होती. तीच तिनं उचलली. सतरा नाणी. मळकी लक्ष्मी कशी मांडायची? म्हणून चिंचेच्या कोळात तासभर भिजवली आणि काथ्यानं घासली. नाणी निघाली गुलाबी, नवीकोरी.

सोमाजी दुकानातली पूजा उरकून घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात रांगोळी, पणत्या. पाटावर ताम्हन. मुलगा सूरज, सून अश्विनी, सहा वर्षांची नात संस्कृती, सगळे बसलेले. पंचामृत ओतून झालं होतं. चिमाबाईनं त्याच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. त्यानं डोळ्यांना लावलं, प्यायला. जरा कळकलेलं लागलं. संस्कृतीनं जीभ बाहेर काढली.

"आजी, कडू हाये."

"देवाचं हाये बाळा, असं म्हनू न्हाई. पी."

मग सोमाजीची नजर ताम्हनात गेली.

"हे कुनी केलं?"

"मी," चिमाबाई म्हणाली. "अवो, कशी लखलखत्यात बगा तरी. किती घान व्हती त्यांच्यावर."

"तुला हजारदा सांगितलंय चिमे! कवच गेलं सगळं. नाणं मेलं!"

"सणाच्या दिशी मेलं-बिलं म्हनू नगा."

चिडून त्यानं ताम्हनात हात घातला. दह्यात, मधात बरबटलेली नाणी एकेक उचलून पुसू लागला. सूरज म्हणाला, "आबा, राहू द्या आता." सोमाजीनं ऐकलं नाही. आणि एका नाण्याशी त्याचा अंगठा थांबला.

भोक होतं त्याला. पुडीत आलं तेव्हा मातीनं बुजलेलं, म्हणून दिसलं नव्हतं. चिंचेनं माती सुटली आणि भोक मोकळं झालं. भोकाच्या शेजारी एक खळगा, जणू कुणाचा हात घसरला असावा. सोमाजीनं डोळे मिटले आणि पुन्हा अंगठा फिरवला. मग दुसरं नाणं उचललं. त्याच्या कडेला, अक्षरांच्या खोबणीत, चिंचेलाही न सुटलेलं काहीतरी पांढरं अडकलं होतं. त्यानं नखानं ते टोकरलं.

तांदळाची कणी होती.

तो उठला, अंगणातल्या शेवग्याखाली गेला आणि घशात बोटं घातली. पोटातलं सगळं काढलं, तरी त्याला थांबता येईना. चिमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तांब्याचा तांब्या. तो बघून त्याला पुन्हा उमळून आलं.

"काय झालं? अवो, बोला की!"

"पोरीला वकाय लाव," तो एवढंच म्हणाला. "संस्कृतीला वकाय लाव आधी."

पाडव्याच्या सकाळी तो विसाव्यावर गेला. मला त्यानं सोबत नेलं, कशाला ते सांगितलं नाही. लिंबाखाली सगळं जागच्या जागी होतं. दगड होते, पाचोळा होता. सोमाजीनं एक दगड हलवला. खालची माती भुसभुशीत, ताज्या वाफ्यासारखी. दुसरा हलवला. तेच. उकरून, हवं ते काढून, माती पुन्हा भरून, वर दगड नीट बसवले होते. कुठं ओरखडा नाही. मला तो नीटनेटकेपणाच जास्त ओंगळ वाटला. चोरानं घरात शिरून जाताना अंथरुणाच्या घड्या घालून जावं, तसा.

सोमाजीनं मला खिशातली शिवराई दाखवली आणि तेव्हा सगळं सांगितलं. तीर्थाचंही सांगितलं. मी नकळत दोन पावलं मागं सरलो. ते त्यानं पाहिलं.

"सर, मागं सर," तो म्हणाला. "मलाच माझ्यापास्नं सरता येईना, तुला तरी येतंय."

त्याला आता एकच पाहिजे होतं. आईचा पैसा आईच्या जागी परत जायला हवा होता. गुपचूप ठेवता आला असता. पण गुपचूप ठेवलेला तो ऋषी पुन्हा गुपचूप काढणार, आणि मशीनला माणसाची लाज नाही. गावाला सांगावं लागणार होतं. सांगायचं, तर आपणही त्यात होतो हे सांगावं लागणार होतं. आणि त्याच्या आधी त्याला ऋषीचं तोंड बघायचं होतं.

बेल्ह्याचा पुढचा बाजार. ऋषी बैलांच्या दावणीशी उभा, वडापाव खात. सोमाजीनं शिवराई त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही कुटून काढली?"

"धुतली व्हय भाऊ? अरारा. तुमीच म्हनत व्हता धुवायची नसती."

"कुटून काढली, ते इचारतोय."

ऋषीनं आजूबाजूला पाहिलं, घास गिळला. "इसाव्यातनं. तुमाला काय नवं हाये का ते? मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल. येवढी मुळ्या लागल्याली, तांदूळ चिकटल्याली नाणी नांगरटीत घावत्यात व्हय? दुपारी लाइट आली की सगळं गाव पाण्याला जातं. इसाव्याकडं चिटपाखरू न्हाई. असली निवांत जागा दुसरी न्हाई, राव. घोडेगावपास्नं वर मढ गावापतुर सगळे करून झाले."

"ही माज्या आईची हाये."

ऋषीनं नाण्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. मला वाटलं, याला काहीतरी वाटलं. मग त्यानं बोटं पँटला पुसली.

"मग ही द्या परत, हिच्या बदल्यात दुसरी देतो. भोकाच्या नाण्याला तसंबी कोन इचारत न्हाई."

सोमाजीचा हात वर गेला. मी धरायला पुढं झालो. पण हात हवेतच राहिला.

"मारा की," ऋषी म्हणाला, आवाज न चढवता. "धुतलेलं नको, मातीतलं आन, जेवढं घावंल तेवढं आन, असं मला कोन म्हनलं? मी बैलांच्या शेपट्या मोजत बसलो व्हतो का?"

सोमाजीनं हात खाली घेतला. विचारलं, "बाकीची कुटल्या कुटल्या गावची, ते तरी सांग."

"आता काय सांगू? मेलेल्यांची नावं लिहून ठेवतो का मी?" तो हसला आणि उरलेला वडापाव तोंडात कोंबला. त्याच बोटांनी.

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. गोठे पाहिलेत, फुगून वर आलेली जनावरं विहिरीतून काढलीत. पण त्या वडापावाएवढी शिसारी मला कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, दूध डेअरीवर माणसं असतानाच, सोमाजी पिशवी घेऊन नदीच्या रस्त्याला गेला. ऋषीकडून घेतलेलं एकूण एक नाणं त्यात होतं. सुभाषचंदकडून वजनाला वजन घेतलेली त्यानं घरीच ठेवली होती. लिंबाखाली बसून तो हातांनी माती उकरू लागला. डेअरीवरून परतणाऱ्या कुणीतरी पाहिलं आणि बोंब ठोकली, "सोमाजी इसावा उकरतोय!"

दहा मिनिटांत गाव जमलं. नव्वदीकडे झुकलेले सावळारामबाबा काठी टेकत आले. मीही धावलो. सोमाजी कोपरापर्यंत मातीत, शेजारी उघडी पिशवी, आणि पिशवीत नाणी. बघणाऱ्याला काय वाटणार?

"अरं, आईचं दूध प्यालास का न्हाई?" कुणीतरी ओरडलं. "इसाव्यातलं खातोस?"

"फापाळ्याच्या घरात आता पानी प्यायचं न्हाई."

सोमाजीला म्हणता आलं असतं, मी काढत नाही, ठेवतोय. तेही खरंच होतं, आणि मी साक्षीला होतो. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यानं मला हातानं थांबवलं आणि उभा राहिला.

"बाबा, मी उकरला न्हाई. पण उकरायला मीच लावला." आणि त्यानं पहिल्या पुडीपासून ताम्हनापर्यंत सगळं सांगितलं. नातीनं प्यायलेलं तीर्थही गाळलं नाही. ते ऐकताना बायांनी पदर तोंडाला लावले. एक-दोघी बाजूला जाऊन थुंकल्या. माणसांचं वर्तुळ, मी नीट पाहत होतो, हळूहळू मोठं होत गेलं. कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. प्रत्येकजण फक्त एकेक पाऊल मागं सरत होता.

सावळारामबाबा काठी टेकत खड्ड्याशी आले. मग म्हणाले, "साळूला आपन एकदा टेकवली व्हती हितं. तू तिला परत उठावली. कळतं का तुला?"

"कळतं, बाबा."

"ठेव तिचा पैसा."

सोमाजीनं भोकाची शिवराई खड्ड्यात ठेवली. मग पिशवी उचलली.

"थांब," बाबा म्हणाले. "त्यातली आपली किती?"

"कळत न्हाई. घोडेगावपास्नं मढपतुरची हायेत."

"मग ती हितं न्हाई. दुसऱ्या गावची मयतं आपल्या इसाव्यात कशाला?"

लोकांत कुजबुज झाली. बरोबर आहे, म्हणाले. भलत्या गावाची बला नको. नदीत टाक म्हणाले कुणी. नदीत टाकली तर तो मशीनवाला तिथूनही काढील, म्हणाले दुसरे. सोमाजी पिशवी धरून उभा. ठेवताही येईना, नेताही येईना. ती पिशवी घरात घेऊन जाणं आता त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात वर्तुळ फुटलं आणि चिमाबाई आत आली. दिवाळीपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती. ताम्हन, पळी, पाट, सगळं तिनं नदीत सोडून दिलं होतं आणि नवऱ्याचं अंथरूण ओट्यावर टाकलं होतं. तिच्या पदराला गाठ होती.

"त्यांनी कुटं जायचं मग, बाबा?" ती म्हणाली. "माझ्या हातानं मी त्यांना घासलंय. कुनाची आई असंल, कुनाचं लेकरू असंल. वाटेवरनं उठावल्यात बिचारी. टेकू द्या त्यांना."

सावळारामबाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, आईच्या खड्ड्यापासून हातभर लांब. म्हणजे तिथं खणा.

कुणीतरी लांबूनच टाकलेल्या कुदळीनं सोमाजीनं खणलं. खोल खणलं, कमरेएवढं. पिशवी उपडी केली. कळसाच्या घमेल्यात नाणी पडली तेव्हा झालेला आवाज मला आठवला. त्या दिवशी गाव वाहवा म्हणालं होतं. आज कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. चिमाबाईनं पदराची गाठ सोडली आणि तांदूळ टाकले. नवऱ्यापासून दोन हातांवर उभी राहून, वरून टाकले. त्याच्या हाताला हात लागू दिला नाही. माती लोटली, वर दगड टाकले. मग सगळे मागं न बघता घराकडे वळले. सोमाजी सगळ्यांच्या मागं. त्याच्या शेजारून चालायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. ते मी इथं लिहून ठेवतो.

आता पंचायतीनं लिंबाखाली दिवा लावला आहे, दुपारी कुणी ना कुणी पाळीनं तिथं बसतं. पोलिसांत तक्रारही दिली. ऋषी अजून बेल्ह्याला दिसतो, असं लोक सांगतात. चिमाबाईनं सोमाजीचं अंथरूण संक्रांतीनंतर आत घेतलं. संस्कृती शाळेतून येताना दुकानात शिरते आणि आजोबाचे ओले हात आपल्या रुमालानं पुसते. तिला काही कळलेलं नाही, आणि कळू द्यायचंही नाही असं घरात ठरलं आहे. सुभाषचंदकडची नाणी सोमाजीनं त्याच्या मोडीच्या क्रेटमध्ये परत नेऊन टाकली. बदल्यात शेठनं वजनाला वजन तार द्यायला काढली, तर ती घेतली नाही.

परवा मी दुकानात बसलो होतो. सोमाजी एका मोटारीला वेढे देत होता, नवी तार बोटांतून सरकत होती. फळीवर फोन वाजला. त्याचे हात तारेत गुंतलेले, म्हणून मीच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "नंबर बदललाय माझा. खेडकडचा माल आलाय नवीन. अगदी मातीतला. नखसुद्धा लावलं न्हाई."

सोमाजीनं तार तिथंच सोडली. वेढा सुटून जमिनीवर पसरला. तो उठला, नळाशी गेला आणि साबण उचलला.